पसंतीक्रमाचे मतदान आणि आपला प्रतिनिधी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज दुपारच्या बैठकीत आपणांपुढे एक ठराव येणार आहे. राखीव मतदारसंघांतून निवडून येणारा मनुष्य आपल्या जातीचा असतो, पण आपला नसतो, ही आपली जुनी तक्रार. तिच्यावर उपाय म्हणून मतदाराला एकाच उमेदवारापुढे खूण करण्याऐवजी १, २, ३ असा पसंतीक्रम देण्याचा अधिकार मिळावा, अशी मागणी त्या ठरावात आहे. ठराव मांडणाऱ्या तरुण मित्रांचा हेतू निर्मळ आहे आणि अभ्यासही चांगला आहे. तरीही ठराव आहे त्या स्वरूपात मंजूर होऊ नये असे माझे मत आहे. मागणी करावयाचीच तर नेमकी कोणती करावी, हे सांगण्यासाठी अध्यक्षांनी मला वेळ दिला, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

पसंतीक्रमाचे मतदान ही एक पद्धत नव्हे. मतपत्रिका तीच, आकडे तेच. परंतु ते मोजावयाचे कसे यावरून निराळ्या पद्धती होतात आणि निराळे मनुष्य निवडून येतात. हे शब्दांनी सांगण्यापेक्षा फळ्यावर मांडून दाखवितो. हिशेब सोपा आहे, वहीत उतरून घ्यावा.

एक राखीव मतदारसंघ घ्या. मतदार शंभर. त्यांतील तीस आपले, सत्तर इतर. उमेदवार तीन, जागा राखीव असल्यामुळे तिघेही अनुसूचित जातीचे. ‘क’ हा आपल्या चळवळीतला मनुष्य. ‘ख’ मवाळ, सर्वांशी गोड बोलणारा, पण निदान वस्तीत पाऊल ठेवणारा. ‘ग’ हा मोठ्या पक्षाने आणून उभा केलेला, त्या पक्षाशिवाय कुणालाच उत्तरदायी नसलेला. आपले तीस मतदार पहिली पसंती ‘क’ला, दुसरी ‘ख’ला, तिसरी ‘ग’ला देतात. इतरांपैकी पंचेचाळीस जणांचा क्रम ‘ग’, ‘ख’, ‘क’ असा आहे. उरलेल्या पंचवीस जणांचा ‘ख’, ‘ग’, ‘क’ असा.

आजच्या पद्धतीने मोजले तर ‘ग’ ४५, ‘क’ ३०, ‘ख’ २५. ‘ग’ निवडून आला. शंभरांपैकी पंचावन्न मतदारांना तो ‘ख’पेक्षा नको होता, पण विचारतो कोण?

आता ठरावातील मित्रांना अभिप्रेत असलेली पद्धत लावू. पहिल्या पसंतीची सर्वांत कमी मते ज्याला, तो बाद; त्याची मते त्याच पत्रिकांवरील पुढच्या पसंतीला. येथे ‘ख’ बाद होतो, त्याची पंचवीस मते ‘ग’कडे जातात आणि ‘ग’ ७० मतांनी विजयी होतो. म्हणजे नवी पद्धत आली, नव्या मतपत्रिका छापल्या, आणि मनुष्य तोच आला! इतकेच नव्हे, पूर्वी तो ४५ मतांचा प्रतिनिधी होता. आता आपल्यामागे ७० मते आहेत असे सांगत फिरण्याची त्याला सोय झाली.

आता नीट लक्ष द्या. या मोजणीत आपल्या तीस मतदारांना काही डाव करता आला असता काय? आला असता. ‘क’ला सोडून त्यांनी पहिली पसंती ‘ख’ला दिली असती तर ‘ख’ला ५५ मते मिळून तो पहिल्याच फेरीत निवडून आला असता आणि ‘ग’ टळला असता. म्हणजे ही पद्धत आपल्या मतदाराला काय शिकविते? वाईट मनुष्य टाळावयाचा असेल तर स्वतःच्या मनुष्याचे नाव पहिल्या क्रमांकावर लिहू नकोस, हेच. ज्याने प्रामाणिकपणे ‘क’ लिहिले त्याच्या प्रामाणिकपणाचा लाभ ‘ग’ला. हे केवळ फळ्यावरचे गणित नव्हे. अमेरिकेतील अलास्का राज्यात २०२२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या एका जागेची पोटनिवडणूक याच पद्धतीने झाली. पेल्टोला, पेलिन आणि बेगिच असे तिघे रिंगणात होते. मतपत्रिकांची नोंद पुढे तपासली असता असे दिसले की, समोरासमोर लढत झाली असती तर बेगिच यांनी इतर दोघांनाही हरविले असते. तथापि पहिल्या पसंतीत ते तिसरे आले म्हणून तेच आधी बाद झाले.

मग जोडीजोडीने तुलना का करू नये, असे कोणी विचारील. फ्रान्सच्या काँदोर्से नावाच्या विचारवंताने १७८५ साली हाच विचार मांडला. आपल्या उदाहरणात ‘ख’ हा ‘ग’ला ५५ विरुद्ध ४५ ने आणि ‘क’ला ७० विरुद्ध ३० ने हरवितो, अर्थात् ‘ख’ विजयी. न्यायबुद्धीला ही पद्धत पटते. अडचण एवढीच की, कधी कधी ‘क’ने ‘ख’ला हरवावे, ‘ख’ने ‘ग’ला आणि ‘ग’ने पुन्हा ‘क’ला, असे चक्र होते आणि विजेताच सापडत नाही. काँदोर्सेचाच समकालीन बोर्दा याने गुण देण्याची पद्धत सुचविली होती : पहिल्या पसंतीला दोन गुण, दुसरीला एक, तिसरीला शून्य. त्या हिशेबाने ‘ख’ला १२५, ‘ग’ला ११५ आणि ‘क’ला ६० गुण पडतात. पुन्हा ‘ख’. पण ‘ग’च्या पंचेचाळीस मतदारांना कोणी कानमंत्र दिला की, दुसरी पसंती खऱ्या आवडीच्या ‘ख’ला देऊ नका, ज्याच्या येण्याची भीती नाही त्या ‘क’ला द्या, तर काय होईल? ‘ख’चे गुण ८० वर उतरतात, ‘ग’चे ११५ तसेच राहतात, ‘क’चे १०५ होतात, आणि ‘ग’ निवडून येतो. बंधूंनो, येथे थोडे थांबावेसे वाटते. ज्या मतदारांना आपला ‘क’ मुळीच नको, तेच त्याला पंचेचाळीस गुण देतात, तेही दुसऱ्याला पाडण्यासाठी. आपल्या उमेदवाराचा असा शस्त्रासारखा उपयोग झालेला आपण निवडणुकांत पाहिलेला नाही काय? बोर्दालाही ही खोड दाखविण्यात आली होती. आपली योजना प्रामाणिक माणसांसाठीच आहे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले असे सांगतात. प्रामाणिक माणसांसाठी तर कोणतीही पद्धत चालते!

विद्वानांनी या विषयाचा तळ गाठलेला आहे. केनेथ ॲरो यांनी १९५१ साली सिद्ध केले की, तीन किंवा अधिक पर्याय असतील तर न्यायाच्या अगदी साध्या वाटणाऱ्या सर्व अटी एकाच वेळी पाळणारी क्रमवारीची पद्धत असूच शकत नाही. पुढे गिबार्ड यांनी १९७३ मध्ये व सॅटरथ्वेट यांनी १९७५ मध्ये दाखविले की, एकाच माणसाच्या मर्जीने निकाल लागत नसेल आणि कोणताही उमेदवार निवडून येऊ शकत असेल, तर अशा प्रत्येक पद्धतीत कोणाला तरी, केव्हा तरी, खोटी पसंती लिहून लाभ मिळविता येतो. यावरून काही जण निराश होऊन सर्व पद्धती सारख्याच असा निष्कर्ष काढतात. मला तो निष्कर्ष आळसाचा वाटतो. प्रत्येक कुलूप फोडता येते म्हणून कोणी दार उघडे टाकून निजत नाही. विचारावयाचा प्रश्न असा की, अमुक पद्धतीत डाव कोणाला करता येतो, आणि न केल्याचा दंड कोण भरतो? संघटित, पैसेवाला, आदेश काढणारा पक्ष डाव करतो आणि विखुरलेला, गरीब मतदार दंड भरतो, असे असेल तर ती पद्धत आपल्यासाठी वाईट.

पण याहूनही मोठी गोष्ट फळ्यावर उघडी पडली आहे. चार प्रकारे मोजणी केली. कधी ‘ग’ आला, कधी ‘ख’ आला. ‘क’ एकदाही आला नाही. येणारही नाही! जागा एक असेल आणि सत्तर मतदारांना तो नको असेल, तर तीस मतदारांनी पसंतीक्रम कसाही लिहिला तरी ती जागा त्यांच्या इच्छेने भरली जात नाही. पसंतीक्रमाने फार तर इतकेच ठरेल की, बहुसंख्याकांच्या दोन आवडत्यांपैकी कमी वाईट कोणता. हा पुणे करारापासूनचा प्रश्न आहे. २४ सप्टेंबर १९३२ च्या त्या कराराने १४८ राखीव जागा मिळाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. त्याच्या बदली प्राथमिक निवडणूक आली : अस्पृश्य मतदारांनी चौघांची यादी निवडावयाची आणि त्या चौघांतून एकाला संयुक्त मतदारसंघाने निवडावयाचे. आपल्या समाजाने ज्याला यादीत चौथा क्रमांक दिला तोच सवर्णांच्या मतांवर प्रतिनिधी होऊ शकत होता. पूज्य बाबासाहेबांनी या योजनेतील ही फसवणूक वेळोवेळी उघड केली. तेव्हा मोजणीची रीत बदलून जे १९३२ साली साधले नाही, ते आज साधेल अशी आशा कशावर धरावयाची?

मात्र जागा एकापेक्षा अधिक असतील तर सारे गणित पालटते, आणि येथे मी ठरावाच्या मित्रांचा सोबती होतो. तीच शंभर मते घ्या. पण जागा तीन, आणि प्रत्येकाला मत एकच, पसंतीक्रमासह. यालाच एकल संक्रमणीय मत म्हणतात. निवडून येण्यास लागणारा कोटा असा : एकूण मतांना जागांच्या संख्येत एक मिळवून भागावयाचे, आणि भागाकारात एक मिळवावयाचा. शंभर भागिले चार म्हणजे पंचवीस, अधिक एक, सव्वीस. आपले तीस मतदार ‘क’ला पहिली पसंती देतात, कोटा पुरा झाला, ‘क’ आला. सत्तरांनी कितीही डोके लढविले तरी तिन्ही जागा त्यांना घेता येत नाहीत, कारण तीन कोटे म्हणजे ७८ मते आणि ती त्यांच्यापाशी नाहीत. ‘क’ला निवडून येण्यास कोणाची मेहेरबानी लागली नाही. आणि आपल्याकडून दोन उमेदवार उभे राहिले तरी, त्यांच्या अनुयायांनी दुसरी पसंती एकमेकांना दिली, तर मते फुटत नाहीत. एक बाद झाला की त्याची मते दुसऱ्याकडे येतात. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाल्यापासून त्याची किती शकले झाली हे मी या सभेत मोजून दाखवीत नाही. एवढेच म्हणतो की, आजची पद्धत फाटाफुटीला मृत्युदंड देते. ही पद्धत दुसऱ्या पसंतीपुरता समेट मागते.

हा दाखला परदेशातून आणण्याची गरज नाही. घटना समितीच्या निवडणुका १९४६ साली प्रांतिक विधानसभांनी याच एकल संक्रमणीय मताने केल्या. मुंबई प्रांताच्या विधानसभेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनजवळ बळ नव्हते. बंगालमध्ये जोगेंद्रनाथ मंडल यांनी खटपट केली आणि मोजक्या आमदारांच्या पहिल्या पसंतीवर बाबासाहेब निवडून आले. त्या सभागृहातील बहुसंख्याकांना ते हवे होते काय? नव्हते. परंतु जागा पुष्कळ आणि कोटा लहान असल्यामुळे बहुसंख्याकांना विचारण्याचे कारणच पडले नाही. फाळणीनंतर ती जागा गेली आणि १९४७ मध्ये मुंबईतून त्यांची पुन्हा निवड झाली, ती काँग्रेसच्या संमतीने. पण घटना समितीचे दार पहिल्यांदा उघडले ते कोट्याने.

याच्या उलट १९५२ ची उत्तर मुंबईची लोकसभा निवडणूक पाहा. दोन जागांचा मतदारसंघ, एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देण्यास बंदी. १९३७ साली मुंबई इलाख्यात अशी बंदी नव्हती. संचित मतदानाने मतदार आपली सर्व मते एकाच्याच पदरात घालू शके, आणि त्या निवडणुकीत बाबासाहेब व त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष यशस्वी झाला. १९५२ मध्ये नियम बदललेला होता. बाबासाहेब सुमारे १४,५०० मतांनी पराभूत झाले. त्यांनी व अशोक मेहता यांनी केलेल्या निवडणूक अर्जात ७०,००० हून अधिक मते वाया गेल्याचे म्हटले होते. मते कुजविण्याचा प्रचार विरोधकांनी केला असा आरोप होता. ‘मत कुजविणे’ हा शब्द आपल्या घराघरांत तेव्हापासून रुजला. १९५४ च्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही दोन जागा होत्या. तेथे आपल्या मतदारांनी दुसरे मत कुणालाच देऊ नये, म्हणजे राखीव जागा हुकली तरी एकूण मतांच्या जोरावर सर्वसाधारण जागा तरी पदरात पडेल, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला होता. घटनेने दिलेले मत वाया घालवा असे मी सांगणार नाही, असे म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला, अशी हकीकत जुने कार्यकर्ते सांगत. ते पडले; अशोक मेहता निवडून आले. हा त्यांच्या चारित्र्याचा थोरपणा होय, यात शंका नाही. पण जी पद्धत मतदारापुढे मत कुजवावे की उमेदवार गमवावा असा पेच टाकते, ती पद्धत सदोष असते, हेही तितकेच खरे.

दोन जागांचे मतदारसंघ पुढे १९६१ च्या कायद्याने बंद झाले. ते फार विस्तीर्ण व खर्चाचे होतात, असे कारण दिले गेले. कारण खोटे नव्हते. परंतु त्याआधी १९५७ साली आंध्रातील पार्वतीपुरम् येथे काय घडले होते, हे ध्यानी ठेवा. तेथे एक जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव होती, आणि मते अशी पडली की दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांनी घेतल्या, व्ही. व्ही. गिरी थोडक्या मतांनी हरले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण १९५९ मध्ये न्यायालयाने आदिवासी उमेदवाराची निवड कायम केली. त्यानंतर दोनच वर्षांत ते मतदारसंघच राहिले नाहीत.

त्याच १९५७ साली अमेरिकेतील सिनसिनाटी नगरातही असेच घडले. त्या नगरात १९२५ पासून नगरसभेच्या नऊ जागा एकल संक्रमणीय मताने भरत. तेथील निग्रो समाज, ज्याला आज कृष्णवर्णीय म्हणतात, अल्पसंख्य होता. तरीही कोटा पुरा करून तो आपला माणूस निवडून आणू शके. थिओडोर बेरी नावाचे कृष्णवर्णीय वकील असेच निवडून आले आणि १९५५ मध्ये उपनगराध्यक्ष झाले. आता हे नगराध्यक्ष होतील, ही कुजबूज गोऱ्या वस्त्यांतून सुरू झाली. १९५७ साली सार्वमत घेऊन ती पद्धतच रद्द करण्यात आली, आणि नव्या पद्धतीच्या पहिल्याच निवडणुकीत बेरी पडले. ते नगराध्यक्ष झाले १९७२ साली. अल्पसंख्याकांसाठी कोणती पद्धत परिणामकारक आहे हे कळण्यास, ती रद्द करण्यासाठी कोण धडपडते इकडे पाहावे. पुस्तकांपेक्षा हा पुरावा मला अधिक बोलका वाटतो.

तर मग या पद्धतीत दोष नाहीत काय? आहेत, आणि ते झाकून मी आपली मते मागणार नाही. एखाद्या उमेदवाराला पहिल्या पसंतीची जादा मते मिळाली म्हणून बाद होण्याचा क्रम बदलतो आणि तोच हरतो, असा विपरीत प्रकार यात क्वचित् संभवतो. दुसरा दोष व्यवहारातला. आपल्या आवडीचा उमेदवार नक्की येणार असे ज्याला वाटते, तो पहिली पसंती दुसऱ्यालाच देऊन टाकतो. आणि असे शंभर जणांनी केले की नक्की येणारा धोक्यात येतो. संघटित पक्ष हे वाटप कागदावर करून देतात. २०२२ च्या जूनमधील महाराष्ट्राची राज्यसभेची निवडणूक आठवा. सहा जागा, सात उमेदवार, वैध मते २८४. कोटा ४१ पेक्षा किंचित् कमी. भाजपने पीयूष गोयल व अनिल बोंडे यांना पहिल्या पसंतीची ४८-४८ मते दिली. तिसरे धनंजय महाडिक यांना २७ मिळाली. शिवसेनेचे संजय पवार यांना ३३ होती. पहिल्या दोघांची कोट्यावरची शिल्लक, म्हणजे चौदाहून अधिक मतांचे मोल, महाडिक यांच्याकडे गेली आणि २७ वाला जिंकला, ३३ वाला हरला. गावोगाव लोक म्हणाले, ही जादू! जादू काहीच नव्हती. एका बाजूला १२३ मते, त्यांत तीन कोटे बसतात. दुसऱ्या बाजूला १६१ मते, त्यांत चार कोटे थोडक्यासाठी बसत नाहीत. मतांच्या प्रमाणात जागा पडल्या, इतकेच. डाव दिसला तो आखणीत. निकाल प्रमाणाबाहेर गेला नाही.

त्याच महिन्यात विधान परिषदेच्या दहा जागांसाठी अकरा उमेदवार होते. काँग्रेसने पहिले स्थान दिलेले दलित समाजातील नेते चंद्रकांत हंडोरे पडले आणि दुसऱ्या स्थानावरील भाई जगताप निवडून आले. पद्धत तीच, कोटा तसाच. मग आपला माणूस का पडला? कारण त्या मतपेटीत मते आमदारांची होती, समाजाची नव्हती. राज्यसभेला २००३ पासून खुले मतदान आहे, आमदाराला आपली पत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, परिषदेला गुप्त. खुल्यात आमदार बांधलेला असतो, गुप्तात तो पळू शकतो. दोहोंत त्याचा धनी आपण नसतो. एकल संक्रमणीय मत तेव्हाच उपयोगाचे, जेव्हा कोटा भरणारी मते आपल्या स्वतःच्या हातातली असतात.

गुप्त की खुले हा वाद बौद्धांना नवीन नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी भिक्खुसंघातील ठराव, गणपूर्ती, शलाकांचे मतदान यांची आठवण सभागृहाला करून दिली होती. विनयपिटकात शलाका घेण्याच्या तीन रीती आहेत : गुप्त, कानात सांगून, आणि उघड. शलाका गोळा करणारा भिक्खू आवड, द्वेष, मोह व भय यांनी ढळणारा नसावा, आणि कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाही याचे त्याला भान असावे, अशी अट आहे. म्हणजे मत जेवढे महत्त्वाचे तेवढाच मत मोजणारा. मात्र अधर्मवादी बहुसंख्य निघाले तर मतदान नीट झाले नाही असे ठरविण्याची मुभाही तेथे त्या भिक्खूला आहे, आणि ती आजच्या निवडणूक अधिकाऱ्याच्या हाती देण्यास मी तरी तयार होणार नाही!

एक आक्षेप घरातूनच येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. ४ जानेवारी १९४९ रोजी घटना समितीत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली असता बाबासाहेबांनीच तिला विरोध केला. ही पद्धत मोठ्या प्रमाणावर साक्षरता गृहीत धरते आणि तिच्यामुळे सभागृहाचे अनेक गट पडून सरकार अस्थिर होते, अशी त्यांची दोन कारणे होती. मग आज आपण ती कशी मागावी? कालाम सुत्त मानणाऱ्याने कारण तपासावे. साक्षरतेचे कारण १९४९ साली निरुत्तर करणारे होते. २०११ च्या जनगणनेत साक्षरता सत्तर टक्क्यांच्या वर गेली आहे. तथापि ते कारण पूर्ण संपले असेही मी म्हणत नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनाने १, २, ३ असे आकडेच लिहावे लागतात, आणि शिकलेले पदवीधर तेथे बरोबरची खूण करून वा नाव लिहून हजारोंनी पत्रिका बाद करून घेतात. शिकवणीशिवाय ही पद्धत आणली तर प्रथम आपलीच मते बाद होतील. दुसरे कारण, सरकारच्या स्थैर्याचे, लोकसभेला व विधानसभेला लागू पडते. म्हणून तेथे मी ही मागणी करीत नाही. महापालिकेत गटारे, पाणी, शाळा आणि दवाखाना यांचा कारभार असतो. तेथे गट पडले म्हणून राज्य कोसळत नाही.

आणि महापालिकेतच ही गोष्ट सर्वांत सोपी आहे. २०१७ च्या निवडणुकांत मुंबई वगळता राज्यातील बहुतेक महापालिकांत चार सदस्यांचे प्रभाग होते. बहुसदस्य प्रभाग म्हणजे अल्पसंख्याकांची सोय, असे ऐकणाऱ्याला वाटेल. वस्तुतः झाले उलट. अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी मतदाराने चार निराळी मते द्यावयाची. म्हणून ज्या गटाजवळ प्रभागात आघाडी आहे तो चारही जागा घेऊन जातो. आपल्या शंभरांच्या फळ्यावर सत्तरांना चार जागा, तिसांना शून्य. त्याच चार जागांना एकल संक्रमणीय मत लावले तर कोटा एकवीस येतो, आणि तीस मतदारांची वस्ती, ती एका कडेला असो की चार गल्ल्यांत विखुरलेली, आपला एक नगरसेवक स्वतःच्या मतांनी पाठविते. महापालिका निवडणुकांची रीत राज्याच्या कायद्याने ठरते. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही.

हे राखीव जागांच्या बदली नव्हे, हे मी मोठ्याने सांगतो, कारण उद्या कोणी तसा अर्थ काढील. आरक्षण राहिलेच पाहिजे. राखीव उमेदवार मोजणीत शेवटचा उरला असता त्याला बाद न करण्याचा नियम घालून दोहोंचा मेळ बसविता येतो. परंतु एका गोष्टीकडे या पाक्षिकाच्या वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे. राखीव जागा मनुष्याला धर्म विचारते. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा मनुष्य हिंदू असावा लागे. १९५६ मध्ये शीख आले. बौद्ध आले ते १९९० मध्ये. १९५६ च्या धम्मदीक्षेपासून चौतीस वर्षे बौद्धाला राखीव जागेवर उभे राहता येत नव्हते. विदर्भात १९६२ साली राखीव जागेवर निवडून आलेले डॉ. डी. पी. मेश्राम यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता, एवढ्यावरून सर्वोच्च न्यायालयात त्यांची निवड टिकली नाही. लोकांनी मते दिली होती, पण धर्मांतराने ती निष्फळ ठरली. कोटा कोणाला धर्म विचारीत नाही. धर्मांतर केलेला असो वा न केलेला, ख्रिस्ती असो वा मुसलमान, जेवढी मते तेवढा वाटा.

म्हणून माझी दुरुस्ती अशी आहे. ठरावातील ‘राखीव मतदारसंघांत पसंतीक्रमाने मतदान’ हे शब्द काढून त्या जागी ‘महापालिकांच्या बहुसदस्य प्रभागांत, आरक्षण कायम ठेवून, एकल संक्रमणीय मत’ हे शब्द घालावेत. आणि मतदारांना शिकविण्यासाठी प्रत्येक विहारात नमुना मतपत्रिकांवर मोजणीचा वर्ग घ्यावा, असे एक कलम जोडावे. पन्नास कोऱ्या पत्रिका मी बरोबर आणल्या आहेत. अध्यक्षांची परवानगी असेल तर जेवणाच्या सुट्टीनंतर येथेच एक मोजणी करून पाहू, आणि मगच ठरावावर मत घ्यावे.